वाऱ्याच्या बेटावरचे काका-काकू

मुलांनो, आधी नकाशा काढा. इंग्लंडच्या डोक्यावर स्कॉटलंड दिसतंय ना? त्याच्याही वर, निळ्या समुद्रात शाईचे शिंतोडे उडावेत तशी बेटं आहेत. ती शेटलंडची. त्यातल्या अगदी वरच्या शिंतोड्यावर बोट ठेवा. ते अन्स्ट. ब्रिटनमध्ये माणसांची वस्ती असलेलं सगळ्यांत उत्तरेकडचं बेट. ग्रीनलंडचं नाव घेतलं की आपल्याला बर्फ आठवतो. पण त्या ग्रीनलंडचं खालचं टोकसुद्धा अन्स्टच्या दक्षिणेला येतं!

माझा भाचा अ‍ॅबर्डीनला नोकरी करतो. त्याच्याकडे गेले असताना जूनमध्ये मी तिथे जाऊन आले. अ‍ॅबर्डीनहून रात्रभर मोठ्या बोटीनं लर्विकला. तिथून मोटारीनं टॉफ्टचा धक्का, मग फेरीबोटीत गाडीसकट बसून येल नावाच्या बेटावर. येल ओलांडायचं, पुन्हा फेरीबोट, आणि दहा मिनिटांत अन्स्ट. बेट लांबीला जेमतेम एकोणीस किलोमीटर. झाड मात्र शोधूनच काढावं लागतं. गवत, दलदल, मेंढ्या आणि आपल्या कमरेला लागतील एवढेच, झुपकेदार आयाळीचे शेटलंडी घोडे.

ज्यांच्या घरी मी खोली घेतली होती, ते गृहस्थ धक्क्यावर न्यायला आले होते. घराशी गाडी थांबली. मी दाराला हात घातला तर ते ओरडलेच, "थांबा! दार उघडू नका!" खाली उतरून ते माझ्या बाजूला आले, दार दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि मग म्हणाले, "आता या." इथे गाडी नेहमी वाऱ्याकडे तोंड करून उभी करायची आणि दार धरूनच उघडायचं. हे त्यांना आल्याच्या पहिल्या दिवशी कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी त्यांच्या गाडीचं दार बिजागरीसकट उडून मेंढ्यांच्या कुंपणात जाऊन पडलं होतं.

त्या बेटावर सगळे एकमेकांना नुसत्या नावानं हाक मारतात. माझी काही जीभ रेटेना. मी मनातल्या मनात त्यांना काका-काकूच म्हणत होते. तुम्हीही तसंच म्हणा.

काका ब्रिटनच्या हवाई दलात रडारवर कामाला होते. अन्स्टवर सॅक्सा व्हॉर्ड नावाची टेकडी आहे, २८५ मीटर उंच. म्हणजे आपल्या सिंहगडाच्या निम्मीसुद्धा नाही. पण तिच्या उत्तरेला उघडा समुद्र. शीतयुद्धाच्या काळात सोव्हिएत विमानं त्या दिशेनं यायची. टेकडीवरच्या रडारनं ती लांबूनच टिपायची आणि दक्षिणेकडच्या विमानतळांना खबर द्यायची, की लगेच लढाऊ विमानं त्यांना सामोरी जायची. हवाई दलाचं हे ठाणं १९५७ पासून होतं. जवानांची कुटुंबं खाली वसाहतीत राहायची.

१९९० च्या ऑक्टोबरात काकांची बदली इथे झाली. लग्नाला चार महिने झाले होते. काकूंनी दक्षिण इंग्लंडमधली बँकेतली नोकरी सोडली. "दोनच वर्षांचा प्रश्न आहे," असं काका म्हणाले होते. काकूंनी स्वयंपाकघरात कॅलेंडर लावलं आणि रोज एक चौकोन खोडायला सुरुवात केली.

तुम्हाला वाटेल, थंडीनं हाल झाले असतील. तसं नाही बरं का! अटलांटिकमधून उबदार पाण्याचा प्रवाह येतो, त्यामुळे हिवाळ्यातही सरासरी चार-पाच अंश तापमान असतं. आपल्या निफाडला कडाक्याच्या पहाटे पारा तितका उतरतोच की! त्रास होतो तो अंधाराचा. डिसेंबरात सूर्य सकाळी नऊनंतर उगवतो आणि दुपारी तीनच्या आत मावळतो. काका दिवसपाळीला अंधारात जायचे, अंधारातच परत यायचे. आणि आज काय केलं, असं विचारायचीही सोय नाही, कारण काम गुप्त! समुद्र खवळला की फेरीबोट बंद. मग दुकानातला पाव संपतो, दूध संपतं. काकूंनी धुतलेल्या चादरी दोरीवर घातल्या, त्यातली एक आजतागायत सापडलेली नाही. बाहेरून आलेल्यांना तिथली माणसं 'साउथ माउदर' म्हणतात. लर्विक बंदराच्या दक्षिण तोंडातून आत आलेले, असा त्याचा अर्थ. दुकानात हा शब्द कानावर पडला की काकूंना रडू यायचं.

कॅलेंडरवर १ जानेवारी १९९२ आला. त्या पहाटे शेटलंडवर वादळ कोसळलं. काका टेकडीवर कामावर होते. काकू घरात एकट्या. वीज गेली, टेलिफोन गेला. सॅक्सा व्हॉर्डच्या वारामापकानं ताशी १९७ मैल, म्हणजे सुमारे ३१७ किलोमीटर वेग दाखवला आणि मग ते यंत्रच वाऱ्यानं नेलं! अधिकृत नोंदीत हा आकडा धरत नाहीत. बेटावर त्या वादळात दोन माणसांचा जीव गेला. काकू जिन्याखालच्या कपाटात गोधडी लपेटून बसल्या होत्या. "छप्पर श्वास घेतंय असं वाटत होतं," त्या मला म्हणाल्या.

वारा पडल्यावर दारावर थाप पडली. रस्त्यापलीकडच्या शेतावरची म्हातारी उभी होती. एका हातात जळणाची बादली, दुसऱ्या हातात सुपाचं भांडं. ती घरोघर जाऊन माणसं मोजत होती! काका सुखरूप येईपर्यंत ती उठलीच नाही. फार बोललीही नाही. पिशवीतून लोकर काढून विणत बसली.

अन्स्टची विणलेली लेस जगप्रसिद्ध आहे. धागा इतका बारीक की अख्खी शाल लग्नाच्या अंगठीतून आरपार ओढता येते. काकू त्या म्हातारीकडे विणकाम शिकायला जाऊ लागल्या. पहिली शाल विणायला दीड वर्ष लागलं, आणि तिच्यात सात चुका आहेत. त्यांनी मला सातही दाखवल्या! चौकोन खोडायचं त्या कधी विसरल्या, ते त्यांना सांगता येत नाही.

उन्हाळा आला की हेच बेट ओळखू येत नाही. जूनमध्ये दिवस जवळजवळ एकोणीस तासांचा, आणि उरलेल्या वेळातही पुरता काळोख होत नाही. त्या संधिप्रकाशाला तिथे 'सिमर डिम' म्हणतात. हर्मानेसच्या कड्यांवर हजारो पफिन पक्षी येतात. रंगीत चोचीचे, जोकरसारखे. त्यांचं तिथलं लाडकं नाव 'टॅमी नॉरी'. बॉन्क्सी नावाचा दांडगा पक्षी मात्र घरट्याजवळ गेलं की थेट डोक्यावर झेपावतो. त्याला चुकवायला काकांनी मला एक काठी दिली होती. ती डोक्याच्या वर उभी धरून मी चालत होते. फोटो आहे, पण छापायला देणार नाही!

१९९३ मध्ये दक्षिणेला बदलीचा हुकूम आला. गेले बिचारे. तिथे मुलगी झाली. पण १९९६ मध्ये काकांची नोकरीची मुदत संपली, तेव्हा दोघं चिमुरडीला घेऊन अन्स्टलाच परतली. काका फेरीबोटीवर लागले. त्याच वर्षी बेटावर एक गंमत झाली. शाळेच्या बसची वाट पाहायचा निवारा काढून टाकला जाणार, हे कळल्यावर बॉबी नावाच्या लहान मुलानं वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. नवा निवारा मिळाला! मग कुणीतरी गुपचूप त्यात बसायला सोफा ठेवला, कुणी पडदे लावले. आता दर वर्षी नव्या कल्पनेनं तो सजवतात. तिथल्या वहीत मी मराठीत चार ओळी लिहून आले आहे.

खरी कठीण वेळ २००६ मध्ये आली. शीतयुद्ध संपून पंधरा वर्षं झाली होती. ठाणं बंद करायचं ठरलं. ट्रक भरभरून सामान धक्क्याकडे जाऊ लागलं, आणि ते पलीकडे पोचवणाऱ्या बोटीवर काकाच! मुलगी बारा वर्षांची. तिच्या तीन जिवलग मैत्रिणी एकाच महिन्यात गेल्या. "आपण का नाही जात?" असं विचारून ती आठवडाभर आईशी बोलली नाही. हजाराच्या आसपास असलेली बेटाची वस्ती २०११ च्या जनगणनेत ६३२ भरली. सोळाव्या वर्षी पुढच्या शिक्षणासाठी मुलीलाही लर्विकच्या वसतिगृहात जावं लागलं. बेटावरची शाळा तिथवरच आहे. तिला पोचवणारी बोटही काकांचीच.

पुढे २०१८ मध्ये टेकडीवर नवं रडार सुरू झालं. पण त्याला पूर्वीसारखी कुटुंबांची वसाहत लागत नाही. २०२३ च्या डिसेंबरात लॅम्बा नेस या टोकावरच्या अंतराळतळाला उड्डाणांचा परवाना मिळाला. "रॉकेटवाले राहायला आले, तर त्यांना गाडीच्या दाराचं आधीच सांगायला हवं," असं काका म्हणाले.

माझ्या शेवटच्या रात्री फोन वाजला. मुलगी आता ग्लासगोत परिचारिका आहे. तिनं हवामानाची बातमी ऐकली होती. "वारा येतोय, कचऱ्याचे डबे बांधलेत का?" काकू हसत सुटल्या. काकांनी दोरी घेतली, मी बॅटरी घेऊन मागोमाग गेले. रात्रीचे अकरा वाजले होते. बॅटरी काही लावावी लागली नाही.