घोडचं पाणी, कुकडीची वही

डिंभे धरणाचं पाणी डाव्या कालव्यानं येडगावच्या धरणात जातं, हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. किती जातं, यावर मात्र एकमत नाही. आंबेगावचे लोक म्हणतात, आमचं धरण रिकामं करतात. येडगावच्या खालचे, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्याचे लोक म्हणतात, सोडलेलं पाणी आमच्यापर्यंत पोचतच नाही. डिंभ्याचं पाणी माणिकडोह धरणात नेणाऱ्या प्रस्तावित बोगद्याचा वाद तापला तेव्हा आमच्या पाणीवापर संस्थेत ठरलं की सभेत बोलायचं तर आकडे घेऊनच बोलायचं. ते गोळा करायचं काम माझ्याकडे आलं.

डिंभे घोड नदीवर, येडगाव कुकडीवर. मधे मीनेचं खोरं. डावा कालवा घोडचं खोरं सोडतो, मीना ओलांडतो आणि येडगावात रिकामा होतो. तिन्ही नद्या पुढे एक होऊन भीमेलाच मिळतात, त्यामुळे नकाशावर हे घरातल्या घरातलं वाटतं. पण डिंभ्याचा उपयुक्त साठा साडेबारा टीएमसीच्या आसपास, येडगावचा दोनहूनही कमी, आणि येडगावातून निघणारा कुकडी डावा कालवा सुमारे अडीचशे किलोमीटर लांब. छोट्या धरणावर एवढा लांब कालवा चालतो तो वरच्या धरणांच्या पाण्यावर. म्हणून या वळवलेल्या पाण्याचा हिशेब पाच तालुक्यांच्या पिकांचा हिशेब आहे.

नोंदी तीन ठिकाणच्या मिळाल्या. धरणाच्या तोंडाशी दरवाजा किती उघडला त्यावरून काढलेला विसर्ग, कालव्यावरच्या फ्ल्यूमची, म्हणजे प्रवाह मोजायच्या अरुंद बांधीव भागाची, रोजची गेज आणि येडगावची पाणीपातळी. पहिल्या वहीवर कुणाचाही विश्वास बसावा अशी ती होती. एकही रकाना रिकामा नाही, अक्षर सुरेख, आवर्तनभर तोच क्युसेकचा आकडा. कालव्याच्या वहीत शाईचे डाग, मधेच दोन-तीन दिवस कोरे, एका ओळीत ‘गेजपट्टीवर शेवाळ, घासून वाचले’, दुसरीत ‘फूट, पाणी बंद’. कालवा फुटलेला आमच्या गावानं डोळ्यांनी पाहिला होता. त्या दिवशीही नीटनेटक्या वहीत पाणी पूर्ण दाबानं चाललेलं होतं. तिथेच माझा कल ठरला. ज्या वहीत अडचण लिहिली आहे, ती लिहिणारा माणूस त्या दिवशी तिथे उभा होता.

तरी डागाळलेली वही म्हणून ती खरीच, असंही धरून चालता येत नाही. फ्ल्यूममधला प्रवाह पाण्याच्या खोलीच्या दीड घाताच्या प्रमाणात बदलतो. एक मीटर खोलीला पाच सेंटिमीटर कमी वाचलं की प्रवाह जवळपास साडेसात टक्के कमी निघतो. शिवाय खालच्या बाजूला दरवाजे लावून पाणी तुंबवलं तर फ्ल्यूम बुडतो. पट्टीवर पाणी उंच दिसतं आणि वाहतं थोडंच. एका जुन्या पाटकऱ्यानं मला हे कालव्यावर उभं करून दाखवलं. खाली पाणी तुंबलेले दिवस मी त्याच्याच सांगण्यावरून बाजूला काढले.

उरलेल्या आकड्यांची पडताळणी येडगावच्या पातळीवर केली. ५०० क्युसेकनं कालवा सलग २३ दिवस चालला की एक टीएमसी पाणी होतं. येडगावसारख्या लहान साठ्यात एवढी भर पातळीत लपत नाही. अडचण अशी की कुकडीवरच वरच्या बाजूला असलेल्या माणिकडोहचं पाणीही नदीतून तिथेच येतं. दोन्हीकडून पाणी सुरू असताना कुणाचं किती, हे पातळी सांगू शकत नाही. म्हणून फक्त डिंभ्याचा कालवा चालू असलेले उन्हाळ्यातले दिवस निवडले. येडगावातून खाली सोडलेलं पाणी मिळवलं, बाष्पीभवनही धरलं. कालव्याची वही या हिशेबाच्या जवळ आली, धरणावरची वही बरीच वर राहिली. या तफावतीत अस्तरातून झिरपणारं पाणी आहे, हक्काच्या चाऱ्यांनी घेतलेलं आहे आणि रात्री चोरून टाकलेल्या पाइपांनी, म्हणजे डोंगळ्यांनी, उपसलेलंही आहे. झिरपा सगळा वाया जातो असं मी म्हणणार नाही. कालव्याकाठच्या विहिरी त्यावर उन्हाळ्यात जगतात आणि तिथला टोमॅटो त्यावरच उभा असतो. पण ते पाणी येडगावच्या नावावर लिहिलं जाऊ नये.

वळवलेलं पाणी दुसरीकडेही मोजलं जातं. कोयनेतून कोकणात वळवायच्या पाण्याला कृष्णा पाणीवाटपाच्या बच्छावत लवादानं वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. तिथे पाणी टर्बाइनमधून जातं, त्यामुळे तयार झालेल्या विजेवरून पाण्याचा आकडा ताडून पाहता येतो. आमच्या कालव्यावर असा दुसरा साक्षीदार नाही, तो उभा करावा लागेल. बोगदा झाला तर जास्तच, कारण बोगद्यात फ्ल्यूम कुणाला दिसणारही नाही. तळ खोल ठेवला तर धरण रिकामं होईल, म्हणून बोगद्याचा तळ कोणत्या पातळीला असावा यावर आंबेगावात जो राग आहे, तो मला रास्त वाटतो. आधी मोजमापाची सोय, मग खोदकाम, एवढंच माझं मत.

सभेत मी कोरे दिवस कोरेच ठेवून तक्ता मांडला. काहींना तो अपुरा वाटला. सरासरी घालून भरा, असं सुचवलं गेलं. मी भरला नाही. त्याऐवजी संस्थेच्या वतीनं लेखी मागणी दिली: कालवा येडगावात पडतो त्याच्या अलीकडे स्वतंत्र गेज बसवावी, आवर्तन चालू असताना रोज सकाळी आंबेगावचा एक आणि येडगाव ज्या तालुक्यात आहे त्या जुन्नरचा एक अशा दोघांनी ती मिळून वाचावी आणि एकाच पानावर दोघांनी सह्या कराव्यात.