साकुरा नाही, फुजी नाही, तरी फोटो!

मी जूनमध्ये टोकियोला चाललेय म्हटल्यावर एका एडिटरने फोनवरच सुस्कारा सोडला. "जूनमध्ये? मग साकुरा?" टोकियोतला साकुरा एप्रिलच्या मध्यापर्यंत उरकलेला असतो. जूनमध्ये असतो 'त्सुयु', म्हणजे त्यांचा पावसाळा. आपल्यासारखा धो धो नाही, दिवसभर नुसती रिपरिप. फुजी ढगात गुडुप. "मग फोटो कशाचे काढणार?" फ्रीलान्सरला हा प्रश्न थेट खिशात टोचतो. फोटो विकले गेले तर तिकीट वसूल, नाही तर पुढचे सहा महिने ईएमआय!

उतरले होते आतेबहिणीकडे, निशी-कासाईला. वायटूकेच्या दिवसांपासून आयटीवाल्या भारतीयांची ही वस्ती. ताई इथे चार वर्षं आहे आणि चार वर्षांत तिने घर, तोझाई लाइन आणि ऑफिस एवढंच पाहिलंय. "इथे फोटो काढण्यासारखं काही नाही गं," ती म्हणाली. तिच्या बाल्कनीतून खाली पाहिलं, तर कोपऱ्यावर कचऱ्याच्या पिशव्यांवर निळी जाळी अंथरलेली. कावळ्यांनी पिशव्या फोडू नयेत म्हणून. आणि जाळीशेजारी एक जाडजूड कावळा, डिट्टो ससून डॉकवरच्या कोळ्याच्या ऐटीत! क्लिक.

एका वस्तूत दुसरी पाहायची, या खेळाला जपानीत 'मिताते' म्हणतात. तात्सुया तनाका हा फोटोग्राफर २०११ पासून रोज असा एक फोटो टाकतोय. ब्रोकोलीच्या तुऱ्याखाली इवलीशी माणसं ठेवली, की ब्रोकोलीचं झाड होतं. आणि दाइदो मोरियामाचा सगळ्यात गाजलेला फोटो कशाचा? तर १९७१ मध्ये मिसावात दिसलेल्या एका भटक्या कुत्र्याचा. (हे मी एडिटरला ऐकवलं नाही. पुढचं काम हवं होतं.)

माझी लॉटरी मात्र छत्रीने लागली. तिथल्या कुठल्याही कन्व्हिनिअन्स स्टोअरमध्ये पारदर्शक प्लास्टिकची छत्री मिळते आणि पाऊस आला की अर्ध्या शहराच्या डोक्यावर तीच. संध्याकाळी शिंजुकूत जा, छत्री उघडा आणि कॅमेरा आतून वर धरा. फोकस थेंबांवर. मागचे निऑन विरघळून नुसते रंग होतात. गल्लीतलं व्हेंडिंग मशीन म्हणजे तर फुकटचा स्टुडिओ लाइट. समोरून कुणी छत्री घेऊन गेलं, की माणूस काळा आणि छत्री कंदिलासारखी उजळलेली. त्या एका मशीनसमोर मी तासभर भिजले असेन.

रेल्वेतही असंच. गाडी सुटताना गार्ड पांढरा हातमोजा घातलेल्या हाताने बोट दाखवतो आणि जे तपासलं ते मोठ्याने म्हणतो. चुका टाळायची पद्धत आहे ती. फ्रेममध्ये फक्त हातमोजा घेतला, तर थेट भरतनाट्यम.

एका रात्री ताईला घ्यायला तिच्या ऑफिसला गेले होते. साडेअकराची ट्रेन. समोर सुटातला एक माणूस गाढ झोपलेला, मान छातीवर, हातात ओली छत्री, तिच्या टोकाखाली पाण्याचं छोटंसं तळं. फ्रेम आयती तयार. जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या फोनचा शटरचा आवाज सहसा बंद करता येत नाही, चोरून फोटो काढणाऱ्यांना आळा म्हणून. माझा फोन मुंबईचा, मुका. ताईने माझं मनगट धरलं.

"विचारलंस त्याला?"

"अगं, झोपलाय तो."

"मग नाही ना. या वेळेला मीपण अशीच झोपलेली असते."

चार वर्षांत तिने हे फोनवर कधी सांगितलं नव्हतं. घरी आत्याला तर नाहीच नाही. मी फोन पर्समध्ये टाकला. तो माणूस दोन स्टेशनांनंतर दचकून उठला आणि उतरला. रिकाम्या सीटसमोर ते तळं राहिलं, त्यात डब्याच्या ट्यूबलाइट थरथरत होत्या. तो फोटो काढला. यावेळी ताईच म्हणाली, "थोडी खाली वाक."

तळं छापून आलं, दुसऱ्या एका मासिकात, अख्खं पानभर. तिकिटाचे निम्मे पैसे सुटले. पहिला एडिटर अजून साकुराची वाट बघतोय.

ताई आता अधूनमधून व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवते. काल तिच्या ऑफिसबाहेरचा स्टँड आला, त्यात पन्नासेक पारदर्शक छत्र्या. खाली एकच ओळ : 'यातली माझी कुठली, ओळख.'