न दिसलेल्या चितळांची मोजदाद

२००६ पासून दर चार वर्षांनी देशभर व्याघ्रगणना होते. तिच्यात स्वयंसेवक म्हणून हिवाळ्यात ताडोबा-अंधारीला गेले, तेव्हा माझ्या वाट्याला चितळ-सांबरांची मोजणी आली. वाघ कॅमेऱ्यात टिपला, की पट्ट्यांवरून एकेक ओळखता येतो. चितळांच्या कळपात मात्र कोणतं मोजलं नि कोणतं राहिलं, हे सांगता येत नाही. म्हणून बीटमधून, म्हणजे वनरक्षकाच्या हद्दीतून आखलेल्या, साधारण दोन किलोमीटरच्या सरळ रेषेवर चालत नोंदी करायच्या.

उजाडताच आम्ही निघायचो. पुढे वनरक्षक, मागे कंपास आणि अंतर मोजणारा रेंजफाइंडर घेतलेली मी. बोलणं बंद. कळप दिसला की ते हात वर करायचे. जनावरं किती, कळपाच्या मध्यापर्यंत अंतर किती, दिशा कोणती, हे झटपट टिपायचं.

"पळाल्यावर नका मोजू, ताई," त्यांनी सुरुवातीलाच बजावलं. "पहिल्यांदा जिथं दिसलं, तेच त्याचं ठिकाण."

कळप ६० मीटरवर, रेषेशी ३० अंशांच्या कोनात असेल, तर रेषेपासून तो ३० मीटर आत. सगळं गणित या आतल्या अंतरावर चालतं. रेषेवरचं जनावर सहसा सुटत नाही. आत जावं तसं बांबूआडचं सुटत जातं. अंतर वाढताना नोंदी कशा घटतात, त्यावरून न दिसलेल्या जनावरांचा अंदाज बांधतात. माझी नोंद पाच-दहा मीटरनं चुकली, तर तो अंदाजही ढळणार, हे कळल्यावर रेंजफाइंडर धरलेला हात आपोआप स्थिर झाला.

परतताना त्याच रेषेवर ठरावीक अंतराने छोटे पट्टे आखून लेंड्या मोजायच्या. चितळाची बारीक, सांबराची मोठी. जनावर दिसलं नाही, तरी त्याचा वावर तिथं कळतो.

एका सकाळी रेषेवर काहीच दिसलं नाही. मी हिरमुसले. वनरक्षकांनी मात्र वेळ आणि चाललेलं अंतर नेहमीसारखं नीट भरलं. त्या रिकाम्या फेरीचे किलोमीटर धरले नाहीत, तर जंगलात आहेत त्यापेक्षा जास्त चितळं कागदावर दिसतील.

वाघांच्या आकड्याची बातमी होते. पण वाघ जगतो तो या चितळ-सांबरांवर. वाघ घटल्यावर हळहळण्यापेक्षा त्याचं खाद्य घटतंय हे वेळीच कळावं, म्हणून त्याच रेषा पुन्हा पुन्हा चालायला हव्यात.