फुगडी आणि सालसा

माणसाचा हात माणसाच्या हातातून नेमका कधी सुटतो, याचा विचार मी बालवाडीच्या दारात उभी राहून पुष्कळदा केला आहे. चार वर्षांच्या मुलांना “जोडीने चला” म्हटले, की शेजारी कोण आहे हे न पाहता ती हात धरतात. दुसरी-तिसरीत मुलगे मुलींचा हात धरायला लाजू लागतात. पाचवीत दोन वेगळ्या रांगा होतात. पुढे लग्नात भटजींच्या सांगण्यावरून एकदा हातात हात दिला जातो आणि त्यानंतर चारचौघांत नवरा-बायकोसुद्धा थोडे अंतर ठेवूनच चालतात. हात धरायचा तो लहान मुलाचा, नाहीतर आजाऱ्याचा. धडधाकट माणसाने दुसऱ्या धडधाकट माणसाचा हात नुसत्या आनंदासाठी धरावा, ही सोय आपल्या रोजच्या जगण्यात फारशी उरलेली नाही.

म्हणूनच माझी भाची जेव्हा म्हणाली, “आत्या, शनिवारी वाशीला सालसा शिकायला चल, आईलाही न्यायचंय,” तेव्हा मी चटकन हो म्हटले. प्रश्न वहिनींचा होता.

माझा दादा जाऊन चार वर्षे झाली. तेव्हापासून वहिनींचे जग भाजीबाजार, बँक आणि गॅलरीतली तुळस एवढ्यात मावते. त्यांना कोणी कोंडून घातलेले नाही. उघड बंदी असती तर ती मोडता तरी आली असती. इथे फक्त हळदीकुंकवाची बोलावणी येईनाशी झाली आणि वहिनींनीही विचारले नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांना जाचणाऱ्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. सरकारनेही त्याच महिन्यात परिपत्रक काढून तो कित्ता इतर गावांपुढे ठेवला. उत्तम झाले. पण परिपत्रकाला आमच्या सोसायटीचा जिना चढता येत नाही.

“अहो वन्सं, ह्या वयात नाच? लोक काय म्हणतील?” वहिनींनी विचारले.

“लोक घरी मालिका बघत असतील. तुम्ही नुसत्या बसा, मी आहे बरोबर,” मी म्हटले. एवढ्यावर त्या आल्या.

नवी मुंबई हे तसे सगळ्यांनी दुसरे कुठलेतरी गाव सोडून वसवलेले शहर. १९७० साली सिडको स्थापन झाली तेव्हा ह्या बाजूला खाडी, मिठागरे, भातशेती आणि आगरी-कोळ्यांची गावे होती. खाडी ओलांडून रेल्वे वाशीला आली ती १९९२ मध्ये. मुंबईच्या चाळीतून, घाटावरून, केरळातून, पंजाबातून माणसे आली आणि एकेका जिन्यावर चार भाषांची दारे झाली. शेजाऱ्याशी बोलायचे ते लिफ्टमध्ये, तेही पाण्याच्या वेळेविषयी. अशा शहरात अनोळखी माणसांनी एकत्र नाचायचे म्हटले तर गणपतीची मिरवणूक, नवरात्रातला गरबा, आणि आता हा शनिवारचा क्लब.

जुलैतली संध्याकाळ होती, पाऊस मी म्हणत होता. क्लबाच्या वरच्या मजल्यावर गुळगुळीत लाकडी जमीन, एका भिंतीला अखंड आरसा आणि कडेला खुर्च्या. आठ ते नऊ नवशिक्यांचा वर्ग आणि नऊनंतर ज्याला जसे येईल तसे नाचणे, असा क्रम होता. वहिनी खुर्ची धरून बसल्या. पण शिकवणारा तिशीचा मुलगा मोठा हुशार. “बायका कमी पडतायत, बसून कसं चालेल?” म्हणत त्याने आम्हा दोघींना रांगेत उभे केले. बालवाडीत रडवे मूल मीही असेच, त्याला काही कळायच्या आत, खेळात ओढते.

“एक, दोन, तीन, थांबा. पाच, सहा, सात, थांबा.” पहिल्या मात्रेला एकाने डावे पाऊल पुढे टाकायचे, समोरचीने उजवे मागे घ्यायचे, पाचवीला उलट. चौथी आणि आठवी मात्रा मोकळी. दोनतीन फेऱ्यांनंतर वहिनी माझ्या कानाशी पुटपुटल्या, “वन्सं, आठ मात्रा. ह्यांचा केरवाच की!”

दादा गणपतीत भजनाला तबल्यावर बसायचा. तालाची वही वहिनींनी कधी धरली नसेल, पण वीस-पंचवीस वर्षे स्वयंपाकघरात राहूनच तो केरवा त्यांच्या अंगात मुरला होता. चार वर्षांत दादाचे नाव इतक्या सहज त्यांच्या तोंडून मी ऐकले नव्हते. केरव्यात खाली येते तेव्हा डग्गा गप्प होतो. पण ती मात्रा मोजावीच लागते, नाहीतर समेवर येताच येत नाही. सालसातली चौथी मात्राही तशीच. पाऊल थांबते, माणूस मात्र नाचातच असतो.

सालसा हा स्पॅनिश शब्द. अर्थ चटणी किंवा रस्सा. नाव अगदी चपखल आहे. क्यूबातल्या उसाच्या मळ्यांवर आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांचे ताल आणि स्पेनहून आलेल्या तंतुवाद्यांचे सूर एकत्र कालवले गेले आणि त्या बेटाच्या पूर्वेकडे ‘सोन’ नावाचे गाणे-नाचणे रुजले. तिथली गुलामगिरी कायद्याने संपली ती १८८६ मध्ये. पुढे हे संगीत न्यूयॉर्कला पोचले. क्यूबा आणि प्वेर्तो रिको सोडून आलेल्यांच्या वस्त्यांत त्याला जॅझची फोडणी मिळाली आणि १९६४ साली निघालेल्या फानिया ह्या रेकॉर्ड कंपनीने पुढच्या दशकात ते सालसा ह्या नावाने जगभर वाढले. त्याच्या मुळाशी दोन आखूड दांडक्यांचा ठेका असतो, आपल्या टिपऱ्यांच्या जातीचा. दोन आवर्तनांत मिळून पाच ठोके, एकात तीन, दुसऱ्यात दोन. बाकी सगळी वाद्ये ह्या पाच ठोक्यांना धरून चालतात.

आणि हे आपल्याला अगदीच परके आहे असेही नाही. १९५१ च्या ‘अलबेला’त सी. रामचंद्रांनी, म्हणजे आपल्या रामचंद्र चितळकरांनी, बोंगो वाजवून घेतला होता. बोंगो म्हणजे क्यूबाचीच जोडढोलकी. गोव्याचा ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट त्यांच्या साथीला होता आणि पडद्यावर नाचत होते गिरणी कामगाराचे चिरंजीव भगवान पालव. भगवानदादांची ती सैल, सुखी पावले आपल्या वरातींतून अजून चालू आहेत. घरी दारी ज्या ठेक्यावर आपण माना डोलावल्या, त्याचेच नातेवाईक त्या आरशापुढे आम्हाला भेटत होते, इतकेच.

वर्गाची एक रीत मला फार आवडली. सगळ्यांनी दोन कड्यांत समोरासमोर उभे राहायचे आणि मिनिटा-दोन मिनिटांनी “बदला” म्हटले की एक घर पुढे सरकायचे. त्यामुळे कोणी कोणाला निवडायचे नाही आणि कोणी उरायचेही नाही. वहिनींच्या वाट्याला बँकेतला एक कारकून आला, संगणकावर काम करणारा एक तमिळ मुलगा आला आणि मग आला वाशीच्या जुहूगावातला एक आगरी तरुण. “काकू, घाबरू नका,” तो म्हणाला, “आमच्याकडे हळदीला बेंजो लागला की माझी आजीपण रात्रभर नाचते.” वहिनी पहिल्यांदा हसल्या.

मग गिरकी आली. शिकवणारा सांगू लागला, “हाताला लटकायचं नाही, हात ढिलाही सोडायचा नाही. दोघांत थोडा ताण ठेवायचा. म्हणजे न बोलता कळतं.”

“म्हणजे फुगडीसारखं,” वहिनी बोलून गेल्या.

त्याला फुगडी ठाऊक नव्हती. त्याने विचारले आणि वहिनींना सांगावे लागले. “पाय जुळवायचे, हात फुलीसारखे धरायचे आणि दोघींनी मागे झुकायचं. एकीनं भिऊन अंग चोरलं की दोघी पडतात.” सगळा वर्ग ऐकत होता. माहेरी मंगळागौरीच्या जागरणात फुगडीला उभी राहिली की हिच्यापुढे कोणी टिकत नसे, असे दादा कौतुकाने सांगायचा. ते मला आठवले. “बस, हेच!” तो मुलगा म्हणाला आणि पुढचा अर्धा तास त्याच्या तोंडी ‘फुगडी’ हा शब्द होता.

नऊ वाजता दिवे मंद झाले आणि जुने सराईत नाचणारे येऊ लागले. इथला नियम साधा होता: कोणीही कोणालाही विचारावे, ज्याला नको असेल त्याने नको म्हणावे. पांढऱ्या सदऱ्यातले एक गृहस्थ येऊन वहिनींपुढे हात करून उभे राहिले. वहिनी दचकून “नको” म्हणाल्या. त्यांनी छातीला हात लावला, हसले आणि दुसरीकडे गेले.

बराच वेळ वहिनी गप्प. मग म्हणाल्या, “वन्सं, मी त्यांना नको म्हटलं.”

“म्हटलंत.”

“पण त्यांना राग नाही आला.”

बायकांच्या आयुष्यात ‘नको’ हा शब्द किती महाग असतो, हे मला वेगळे समजावून घ्यावे लागले नाही. आपल्या घरांत विचारणे हे बहुधा सांगणेच असते. नको म्हणणारीने कारण द्यायचे, आणि कारण दिले तरी तो फुगा दोनतीन दिवस घरात फिरत राहायचा. कारणावाचून नको म्हणता आले आणि आभाळ कोसळले नाही, हे वहिनी पन्नाशी उलटल्यावर बघत होत्या. त्यांनी खुर्चीवर नीट टेकून पदर सैल केला आणि नाचणाऱ्यांकडे बघायला सुरुवात केली.

तिसऱ्या गाण्याला त्या आपण होऊन उठल्या. जुहूगावच्या त्या मुलापुढे जाऊन त्यांनी हात पुढे केला. दोनदा पाऊल चुकले. दोन्ही वेळा तो थांबला, “पाच, सहा” म्हणाला आणि दोघे पुन्हा तालात आले. गाणे चार मिनिटांचे असेल. शेजारी उभ्या असलेल्या भाचीने माझा दंड घट्ट धरून ठेवला होता. गाणे संपल्यावर त्या मुलाने सवयीने वाकून नमस्कार केला आणि वहिनींनीही त्याला हात जोडले. आषाढीच्या वाटेवर वारकरी फुगडी घालतात तेव्हा असेच होते. कोण कुठला, कोणत्या जातीचा, विचारायचे नाही; फुगडी झाली की एकमेकांच्या पाया पडायचे आणि आपापल्या दिंडीत चालू लागायचे.

वहिनी त्यानंतर क्लबात तीनदा गेल्या. मग गुडघा दुखतो म्हणून थांबल्या. नर्तकी वगैरे काही झाल्या नाहीत. पण श्रावणात आमच्या सोसायटीत एका नव्या सुनेची मंगळागौर होती. बोलावणे मला आले होते, त्यांना नव्हते. रात्री जागरणाच्या वेळी मी गेले, तेव्हा त्या माझ्याबरोबर निघाल्या. “पूजेला नाही येत. खेळायला येते,” एवढेच म्हणाल्या.

झिम्मा संपला होता. वहिनी त्या नव्या सुनेसमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले. “घालायची का फुगडी? नको असेल तर नको म्हण, हं.”

मुलीने एकदा सासूकडे पाहिले. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. खोलीतही कोणी बोलेना. मग तिने ओचा खोचला, पाय जुळवले आणि हात दिले. वहिनी मागे झुकल्या.