कागलकडे की संकेश्वराकडे?

आमच्या घरात आप्पांचे पान अजून मांडले जाते असे लिहिले, तर ती अतिशयोक्ती होईल. मात्र त्यांची काठी दाराआड अद्याप उभी आहे आणि ती तेथून हलविण्याचे धाडस आम्हां कोणालाच होत नाही. आप्पा म्हणजे माझे थोरले काका. डिसेंबर २०१२ मधील एका पहाटे ते निपाणीजवळच्या आमच्या गावातील घरातून बाहेर पडले, ते आजतागायत परतलेले नाहीत. त्या वेळी त्यांचे वय ७१ होते.

डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश असे निदान केले होते. या व्याधीची रीतच विचित्र. कालचे सारे पुसले जाते आणि जुने लखलखीत राहते. आप्पांचे मन १९८१ सालात जाऊन स्थिरावले होते. त्या वर्षीच्या मार्च-एप्रिलमध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी हजारो शेतकरी निपाणीजवळ पुणे-बंगळूर हमरस्त्यावर ठाण मांडून बसले होते. ६ एप्रिल रोजी आंदोलन उठविण्यात आले, गोळीबार झाला, शेतकरी बळी पडले. चाळिशीतले आप्पा त्या रस्त्यावर बसलेल्यांपैकी होते. तीस वर्षांनंतर ते पहाटे उठून काकूंना सांगत, "भाकरी बांध. माणसं रस्त्यावर बसलीत." पहिल्या दोन-तीन वेळा आम्ही हसलो. मग दाराला आतून कडी लावू लागलो. त्या पहाटे ती लावावयाची राहिली.

हमरस्त्यापर्यंत त्यांना पाहणारे भेटले. पुढे कोणीही नाही. तेथून उत्तरेस कोगनोळी ओलांडली की कागल, म्हणजे महाराष्ट्र. दक्षिणेस संकेश्वर आणि पुढे बेळगाव. कोणत्या दिशेची गाडी त्यांना मिळाली हेच कळेना. पलीकडच्या एका ठाण्यात गेलो, तर हरवल्याचे ठिकाण आपल्या हद्दीत नाही, एवढेच उत्तर मिळाले. १ नोव्हेंबर १९५६ च्या त्या रेषेविषयी आमच्या भागात पुष्कळ बोलले जाते, येथे तो विषय नको. धारवाडचे १८४५ पासूनचे मनोरुग्णालय पाहिले, रत्नागिरीचेही पाहिले. प्रत्येक पांढऱ्या दाढीत आप्पा दिसत आणि जवळ जाताच नाहीसे होत.

वाचकहो, आता जे लिहिणार आहे ते आजवर घरातही बोललो नव्हतो. हरवल्याचे पत्रक मीच लिहिले होते. 'प्रकृती ठीक नसल्याने' असे मी त्यात घातले. स्मृतिभ्रंश हा शब्द लिहिताना लोक काय म्हणतील, पुतण्या मुख्याध्यापक आणि काका वेडा, ही लाज आड आली. शिवाय पत्रक केवळ मराठीत काढले. आप्पा बाजारात शेतकऱ्यांशी अस्खलित कानडी बोलत. ते गोकाकला किंवा हुबळीला उतरले असतील, तर तेथे माझे शुद्धलेखन कोणी वाचावयाचे?

पुढे डॉ. भरत वाटवानी यांच्याविषयी वाचनात आले. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना उचलून आणावयाचे, उपचार करावयाचे आणि घरी पोचवावयाचे, हे काम त्यांच्या श्रद्धा संस्थेने १९८८ पासून चालविले. कर्जतला त्यांचे केंद्र आहे. २०१८ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रुग्ण बरा होऊ लागला की त्याच्या बोलीवरून, सांगितलेल्या एखाद्या गावाच्या नावावरून तेथील माणसे घराचा माग काढतात. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या १०० व्या कलमानेही, असा निराधार माणूस भटकताना आढळल्यास त्याची नोंद करून कुटुंब शोधणे हे ठाणेदाराचे कर्तव्य ठरविले आहे. आमच्या वेळी हे कलम नव्हते. परंतु असते तरी, त्या पत्रकात नोंद घेण्याजोगे मी काय ठेवले होते?

कायद्याचा हिशेब सात वर्षांचा. तितका काळ ज्यांना कळावयास हवे त्यांनाच खबर नसेल, तर माणूस जिवंत आहे हे सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर पडतो. २०१९ मध्ये चुलतभावांनी शेताच्या उताऱ्याचा प्रश्न काढला, तेव्हा हा भार काकूंच्या डोक्यावर आला. शास्त्राचा हिशेब बारा वर्षांचा. डिसेंबर २०२४ मध्ये तीही पुरी झाली आणि पळसाच्या पानांची प्रतिमा करून विधी उरकावा असे भटजींनी सुचविले. काकूंनी त्यांना चहा दिला. कपाळावरचे कुंकू नीट केले आणि विषय बदलला.

२०२५ मध्ये मी नवे पत्रक लिहावयास घेतले, मराठीत आणि कानडीतही. स्मृतिभ्रंश हा शब्द पहिल्याच ओळीत घातला. नाव सांगता न आल्यास तंबाखूविषयी किंवा हमरस्त्यावर बसलेल्या माणसांविषयी विचारावे, ते बोलू लागतील, असेही लिहिले. काकूंना वाचून दाखविले. त्यांनी सारे शांतपणे ऐकले.

"वय एकाहत्तर कशाला लिहिलंस?" त्या म्हणाल्या. "आता चौऱ्याऐंशी लिही."