शमादानाखालचा आकडा

दादाजानच्या मिळकतीतून फुफीच्या वाट्याला काचेच्या शमादानांची जोडी आली. घर आणि बाग अब्बांकडे राहिली. ‘दोनशे वर्षांची नवाबी चीज आहे, हिश्श्यापेक्षा जास्तच दिलं,’ असं घरात सांगत. फुफी कधी काही बोलली नाही.

गेल्या सुट्टीत तिने जोडी माझ्यापुढे ठेवली. “मास्तर, खाली काहीतरी लिहिलंय, वाच.”

उर्दूच्या तासाला ‘शमादान’ शब्द मी कितीदा समजावला असेल, पण ही वस्तू अशी निरखून पाहिली नव्हती. दांड्यावरून बोट फिरवलं. वरपासून खालपर्यंत बारीक शिवणी लागल्या. म्हणजे साच्यात दाबलेली काच, हाताने फुंकलेली नव्हे. तळ उजेडात तिरपा धरला तेव्हा ‘आरडी’ ही इंग्रजी अक्षरं आणि पुढे आकडा दिसला. इंग्लंडमध्ये नक्षीची नोंदणी होई, तिचा हा क्रमांक. १८४२ पासून १८८३ पर्यंत हिऱ्याच्या आकाराची खूण असे. १८८४ पासून १, २, ३ असे आकडे सुरू झाले. आमचा आकडा २ लाख १० हजारांच्या थोडा पुढचा, म्हणजे नक्षी १८९३ची. वस्तू त्यानंतरचीही असेल, आधीची नाही. कारखान्यात एकाच साच्यातून निघालेल्या अनेकांतली एक जोडी.

“दोनशे वर्षांची नाही, फुफी. नवाबीही नाही.”

तिने पदराने काच पुसली. “मला वाटलंच होतं. तुझ्या अब्बांना सांगशील?”

अब्बांनंतर ती बाग माझ्याकडेच यायची आहे. मी शमादानं कागदात गुंडाळली आणि अब्बांच्या खोलीकडे निघालो.