लेव्हल म्हणजे स्टेज नव्हे

घरात कुणाला कर्करोग असल्याचे कळले की पहिला प्रश्न ठरलेला असतो. औषध कोणते, रुग्णालय कोणते, खर्च किती, हे सारे मागाहून येते. आधी विचारले जाते, ‘कितवी स्टेज?’ हिमायतनगरात, म्हणजे जुन्या माणसांच्या तोंडी अजूनही असलेल्या वाढोण्यात, जनरल प्रॅक्टिस करताना हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की समोरच्याने तोंड उघडण्याआधी तो मला कळतो. प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर ज्या कागदावर असते तो कागद कसा वाचावा हे सहसा कुणी समजावून देत नाही, आणि मग घरची माणसे एखाद्या भलत्याच आकड्यावर रुग्णाच्या आयुष्याचा निर्णय घेऊन बसतात. माझ्या घरात हे घडता घडता राहिले.

माझ्या थोरल्या वहिनी ६७ वर्षांच्या आहेत. दादांचे शेत पैनगंगेच्या अंगाला. कापूस, सोयाबीन, थोडी हळद. वहिनींचे उभे आयुष्य खुरपणी आणि वेचणीत गेले, त्यातले निम्मे तरी अनवाणी. उजव्या टाचेच्या कडेला काळसर डाग पडला तेव्हा बाभळीचा काटा आत मोडून राहिला असेल असे सगळ्यांनी ठरवले. पुढे तेच ‘कुरूप’ झाले. कुरुपावर आपल्याकडचा उपाय वाचकांना ठाऊकच आहे: बिब्बा तापवून लावायचा. बिब्ब्याचा डाग मुळात काळा, त्यामुळे खालचा काळेपणा त्यात लपून गेला. कुणी ब्लेडने तासून देतो म्हणाले होते, पण वहिनींनी पाय पुढे केला नाही, हे एक बरे झाले.

गेल्या दिवाळीला त्या आमच्याकडे आल्या होत्या. पाय पसरून करंज्या लाटत बसल्या असताना मला त्यांची टाच दिसली. कुरूप पिवळट, गोलसर असते आणि नेमके दाबले की दुखते. हा डाग तसा नव्हता. एका बाजूला निळसर काळा, दुसरीकडे तपकिरी, कडा नकाशातल्या किनाऱ्यासारखी वेडीवाकडी, आणि दुखणे मुळीच नाही. नांदेडला त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवले, तुकडा काढून तपासायला दिला. अहवाल आला, मेलानोमा.

त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा हा कर्करोग. गोऱ्या कातडीच्या देशांत तो मोठ्या प्रमाणात आढळतो आणि तिथे त्याचा संबंध उन्हाशी जोडला जातो. आपल्याकडे तो विरळा. पण होतो तेव्हा बहुतेकदा ऊन न लागणाऱ्या जागी होतो: तळपाय, तळहात, नखाखाली. जमैकाचा जगप्रसिद्ध गायक बॉब मार्ली याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली हाच रोग १९७७ मध्ये सापडला. फुटबॉल खेळताना लागलेला मार असावा असे आधी वाटले होते. १९८१ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी तो गेला. जाहिरातींत तीळ आणि ऊन यांबद्दलचे इशारे वाचून आपण चेहरा आरशात न्याहाळतो. तळव्याकडे कुणी बघत नाही. वय झाले की पाठीवर, मानेवर जे खरखरीत तपकिरी ठिपके उठतात ते बहुतेक निरुपद्रवी असतात, त्यांची धास्ती घेऊ नये. महिनोन्महिने पसरत जाणारा तळव्यावरचा डाग, नखात उमटून शेजारच्या कातडीवर उतरणारी काळी रेघ, किंवा न भरणारी जखम मात्र दाखवायलाच हवी. आणि दाखवण्याआधी तिच्यावर बिब्बा, चुना, ॲसिड, डागणी यांतले काहीही करू नये. का, ते पुढे येईल.

अहवाल पुतण्याच्या हाती पडला. त्याने मोबाइलवर फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. त्यात एक ओळ होती, ‘क्लार्क लेव्हल’, आणि पुढे रोमन आकड्यातला चार. संध्याकाळपर्यंत भोकरपासून किनवटपर्यंत सगळ्या पाहुण्यांना ठाऊक झाले की वहिनींना चौथ्या स्टेजचा कर्करोग आहे. मी रात्री पोहोचलो तेव्हा दादांनी दोन गोष्टी ठरवून टाकल्या होत्या. एक, तिला काही सांगायचे नाही. दोन, मुंबईला न्यायचे नाही. ‘‘आता कशाला तिचे हाल करायचे? आहे तेवढे दिवस घरी सुखानं राहू दे,’’ असे ते म्हणाले. हे प्रेमापोटीच होते. पण ते ज्या आकड्यावर उभे होते तो आकडा स्टेजचा नव्हता.

वॉलेस क्लार्क या अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञाने १९६९ च्या सुमारास त्वचेच्या थरांवरून मेलानोमाच्या पाच पातळ्या सांगितल्या. रोग किती थर ओलांडून खाली उतरला एवढेच ती पातळी सांगते. चौथी पातळी म्हणजे त्वचेच्या आतल्या जाड थरापर्यंत, पाचवी म्हणजे त्याखालच्या चरबीपर्यंत. यकृत, फुप्फुस, मेंदू यांचा तिच्याशी काही संबंध नाही. चौथी लेव्हल असलेला रुग्ण पहिल्या स्टेजमध्येही असू शकतो. आजच्या स्टेजच्या हिशेबात ही पातळी धरलीच जात नाही. जुन्या सवयीने अहवालात तेवढी छापली जाते आणि घराघरांत घबराट पसरवते. मला विचाराल तर ती ओळ आता गाळलेलीच बरी.

खरा आकडा दोन ओळी खाली होता: ‘ब्रेस्लो थिकनेस २.६ मिलिमीटर’. ॲलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० मध्ये दाखवून दिले की मेलानोमाचा डाग लांब-रुंद किती यापेक्षा तो खोल किती, हे पुढचा अंदाज घ्यायला अधिक उपयोगी पडते. ही खोली सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. आपल्या खिशातले एटीएम कार्ड साधारण पाऊण मिलिमीटर जाड असते. एका कार्डाहून कमी जाडी म्हणजे रोग फार लवकर सापडला. हिशेबाचे टप्पे १, २ आणि ४ मिलिमीटरवर बदलतात. वहिनींची गाठ साडेतीन कार्डांएवढी. शेजारी लिहिले होते, ‘अल्सरेशन नाही’, म्हणजे गाठीवरची त्वचा फुटून व्रण झालेला नव्हता. व्रण असता तर त्याच जाडीला एक पायरी वरचे गांभीर्य आले असते. बिब्बा, ब्लेड, डागणी यांना मी का घाबरतो ते आता लक्षात आले असेल. वरचा भाग जाळला किंवा तासला, तर मोजायची जाडीच उरत नाही, आणि खोटा व्रण तयार होतो तो वेगळाच. वरवर खरवडून काढलेला नमुनाही याच कारणाने अपुरा ठरतो.

जाडी आणि व्रण यांवरून अहवालात ‘टी ३ ए’ अशी खूण होती. यावरही कुणीतरी ‘म्हणजे तिसरी’ म्हणालेच. तसे नाही. टी हे अक्षर फक्त मूळ गाठीचे. एन हे लसिका ग्रंथींचे, म्हणजे जांघेत, काखेत ज्यांना आपण अवधाण आले म्हणतो त्या गाठींचे. एम हे दूरच्या अवयवांचे. तिन्ही हातात आल्याशिवाय स्टेज ठरत नाही. रोग फक्त त्वचेत असेल तर जाडीप्रमाणे पहिली किंवा दुसरी. लसिका ग्रंथींत किंवा तिथवरच्या वाटेवरच्या त्वचेत पोहोचला असेल तर तिसरी. दूरच्या अवयवांत असेल तर चौथी. त्या रात्री वहिनींबद्दल इतकेच म्हणता येत होते की ग्रंथी साफ निघाल्या तर दुसरी.

दादा ऐकून घेत होते. पण त्यांना पटले ते वहिनींमुळेच. त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘‘भाऊजी, पाय माझा हाय. मला सोडून सगळ्यायला ठाऊक हाय. काय लपवायलाव?’’ मी त्यांना सगळे सांगितले, कार्डांच्या हिशेबासकट. त्यांनी विचारले, ‘‘काढून टाकता येतंय का?’’ येते, असे मी म्हणालो. ‘‘मग इथं बसून काय करायलाव?’’ वृद्ध माणसांपासून निदान लपवणाऱ्या घरांशी माझा नेहमी वाद होतो. ज्याच्या शरीरावर शस्त्रक्रिया व्हायची, महिनोन्महिने तपासण्या व्हायच्या, त्याला कारण न सांगता हे सारे करता येईल असे मानणे मला भाबडेपणाचे वाटते. माणूस गप्प राहतो, पण त्याला समजलेले असते.

नांदेडहून निघण्यापूर्वी पुतण्याला मी प्रयोगशाळेतून दोन वस्तू आणायला सांगितल्या: तपासणीच्या काचा आणि मेणात बसवलेला नमुन्याचा ठोकळा. मोठ्या रुग्णालयात त्या पुन्हा पाहिल्या जातात. नुसता कागद नेला तर खेप वाया जाण्याचा संभव असतो. आपल्या स्टेशनावरूनच मुंबईला जाणारी नंदिग्राम एक्सप्रेस धरून ते परळला टाटा रुग्णालयात गेले.

तिथे गाठीभोवतीची दोन सेंटिमीटर निरोगी त्वचा घेऊन डाग काढला गेला आणि टाचेवर मांडीची कातडी लावली गेली. त्याच वेळी ‘सेंटिनेल नोड’ तपासली. टाचेतून निघणारा लसिकाप्रवाह जांघेतल्या ज्या ग्रंथीत सर्वांत आधी पोहोचतो, ती ही पहारेकरी ग्रंथी. निळे रंगद्रव्य आणि अत्यल्प किरणोत्सर्गी द्रव्य डागापाशी टोचून ती शोधतात. डोनाल्ड मॉर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत १९९२ मध्ये मांडली. एक सूचना सोबत राहणाऱ्यांसाठी: या निळ्या रंगामुळे दुसऱ्या दिवशी लघवी हिरवट-निळी होते. दादांनी मला पहाटे पाचला फोन केला होता.

पहारेकरी ग्रंथीत सूक्ष्मदर्शकानेच दिसतील इतक्या थोड्या पेशी सापडल्या. स्कॅनमध्ये इतरत्र काही नव्हते. स्टेज ठरली तिसरी, उपगट बी. पुन्हा फोन सुरू झाले: ‘महिनाभरात दुसरीची तिसरी झाली!’ रोग महिन्यात धावला नव्हता. ग्रंथीतल्या पेशी आधीपासूनच तिथे होत्या, आपल्याला त्या आता कळल्या. आणि या आकड्यांची शिडी सरळ नसते. २०१८ पासून वापरात असलेल्या स्टेजपद्धतीच्या मूळ अभ्यासात तिसऱ्या स्टेजच्या ए गटातील १०० पैकी ९३ रुग्ण पाच वर्षांनी मेलानोमाने दगावलेले नव्हते. दुसऱ्या स्टेजच्या सी गटात हा आकडा ८२. दुसरीतला जाड, व्रण असलेला रोग तिसरीतल्या पातळ रोगापेक्षा अधिक घातक ठरू शकतो. तिसरीच्याच बी गटात आकडा ८३ आणि अगदी शेवटच्या डी गटात ३२, इतके अंतर एका स्टेजमध्ये आहे. हे आकडे प्रामुख्याने अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलियातल्या गोऱ्या रुग्णांचे आहेत. तळव्याचा मेलानोमा त्यांपेक्षा अधिक हट्टी असतो, म्हणून मी ते दादांना सांगताना हात राखून सांगितले. तरीही ‘तिसरी’ एवढा शब्द ऐकून जे मनात येते, ते चित्र यांत कुठेच बसत नाही.

पूर्वी अशा वेळी जांघेतल्या सगळ्या ग्रंथी काढत. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १,९०० हून अधिक रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात दिसले की त्यामुळे आयुष्य वाढत नाही. सूज मात्र १०० पैकी २४ जणांना आली, नुसती देखरेख ठेवलेल्यांत ती ६ जणांना होती. वहिनींच्या ग्रंथी काढल्या नाहीत. दर चार महिन्यांनी जांघेची सोनोग्राफी होते.

सर्वांत अवघड बोलणे औषधाबद्दल झाले. शरीराच्या प्रतिकारशक्तीवरचा लगाम सैल करणारी इंजेक्शने आता आहेत; त्यामागच्या संशोधनासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकु होंजो यांना २०१८ चे नोबेल मिळाले. तिसऱ्या स्टेजमध्ये शस्त्रक्रियेनंतर ती वर्षभर देतात, रोग परतण्याची शक्यता त्याने घटते. पण तळव्याच्या मेलानोमावर त्यांचा प्रभाव कमी पडतो, आणि खर्च शेतकरी घराला न झेपणारा. दादा दोन एकर विकायला निघाले होते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते आणि काय नाही हे आपल्या प्रकरणापुरते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून आधी विचारून घ्यावे, ७० वर्षांवरच्यांनी आयुष्मान कार्डाचीही चौकशी करावी. आम्ही ते केले. मग मुंबईच्या डॉक्टरांनी फायदा, तोटा, खर्च सारे वहिनींसमोर मांडले. त्यांनी ऐकले, दोन दिवस घेतले आणि देखरेखच हवी असे सांगितले. दुसऱ्या कुणाचा निर्णय वेगळा होईल, आणि तोही बरोबर असेल. तो निर्णय त्यांना घेता आला, कारण त्यांना आपली स्टेज ठाऊक होती.

मुलांचा प्रश्न राहिलाच: ‘काका, आम्हालाही होईल का?’ तळव्याचा मेलानोमा सहसा आनुवंशिक नसतो, घरातल्या दुसऱ्याला स्पर्शाने तर होतच नाही. पण वहिनींना दुसरा डाग येऊ शकतो, म्हणून महिन्यातून एकदा दोन्ही तळवे, बोटांच्या बेचक्या आणि नखे पाहायची आहेत. वाकणे जमत नसेल तर जमिनीवर हातआरसा ठेवावा, किंवा घरातल्या कुणाकडून फोटो काढून घ्यावा, शेजारी मोजपट्टी ठेवून. वहिनींचा नातू दर महिन्याच्या पहिल्या रविवारी असे फोटो मला पाठवतो. मागच्या खेपेला तो पट्टी ठेवायला विसरला. वहिनींनी त्याला उठवून पुन्हा काढायला लावले.